आधी संकलकाला बोलवा

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल शहाड, आंबिवली, टिटवाळा मागे टाकून खडवलीला येते, तोवर शहराची दाटी विरळ झालेली असते. इथे भातसा नदी आहे, भातशेती आहे, आणि गाण्याला तर या पट्ट्यात कधीच तोटा नव्हता. आगरी घरच्या लग्नात धवलारीण धवले गाते, हळदीच्या रात्री बेंजो वाजतो, आणि हल्ली त्याच हळदीसाठी दर हंगामात नवं गाणं हवं असतं, तेही व्हिडिओसकट. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला आणि गाणं ऐकण्याइतकंच ते पाहणंही गावोगावी सोपं झालं. भिवंडीकडचे आगरी गायक संतोष चौधरी, म्हणजे सगळ्यांचे ‘दादूस’, २०२१मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या घरात पोचले. २०२४मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ कुठल्याही चित्रपटाच्या आधाराशिवाय देशभर वाजलं. अशा वेळी खडवली-वासिंदच्या मुलामुलींना गाण्याचा व्हिडिओ करायला शिकावंसं वाटलं तर ते स्वाभाविक आहे, आणि त्यांना शिकवण्यासाठी धंद्यातल्या माणसांना पाहुणे म्हणून बोलवावं हेही योग्यच आहे. मुंबईची चित्रनगरी आणि ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचे मालिकांचे सेट इथून काही तासांच्या अंतरावर आहेत, त्यामुळे पाहुणे मिळणं अशक्य नाही. त्यांना कुठल्या क्रमाने बोलवायचं, यावर मात्र फारसा विचार होताना दिसत नाही.

प्रघात ठरलेला आहे. पहिला मान दिग्दर्शकाचा. तो आपली गाजलेली गाणी पडद्यावर दाखवतो, कल्पना कशी सुचली ते सांगतो, टाळ्या मिळतात, फोटो निघतात. नंतर जमलं तर कॅमेरामन येतो आणि मोठा कॅमेरा हाताळायला देतो. संकलकाला, म्हणजे एडिटरला, सहसा कुणी बोलवतच नाही, कारण त्याचं नाव श्रोत्यांना ठाऊक नसतं. हा क्रम व्हिडिओ तयार होण्याच्या क्रमासारखाच आहे: आधी कल्पना, मग चित्रीकरण, मग जोडणी. शिकण्यासाठी तो उलटा हवा. नवशिक्यांपुढे पहिला पाहुणा संकलक यावा, मग ध्वनी आणि कॅमेऱ्याची माणसं, मग निर्मितीव्यवस्था आणि करार सांभाळणारं कुणीतरी, आणि दिग्दर्शक सर्वांत शेवटी. काम जिथे संपतं तिथून शिकणं सुरू झालं, तर आधीच्या प्रत्येक पायरीवर काय हवं आणि का हवं हे शिकणाऱ्याला आपोआप दिसू लागतं.

या उलट्या क्रमाला आधार आहे. मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी १९७०च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात शिंप्यांकडे उमेदवारी करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. एतिएन वेंगर यांच्याबरोबर १९९१मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी त्यावरून शिकण्याविषयीचा एक मोठा सिद्धान्त मांडला. त्या शिंप्यांकडे नवा मुलगा आधी इस्त्री करतो, बटणं लावतो, कडा दुमडतो. मग शिलाई शिकतो. आणि कापड बेतून कापणं सर्वांत शेवटी. कपडा तयार होतो त्याच्या नेमका उलट हा क्रम. त्यात दोन गोष्टी साधतात. बटण चुकलं तर उसवता येतं, कापड चुकीचं कापलं तर ते वाया जातं, म्हणजे नवशिक्याच्या चुका स्वस्तात होतात. आणि कात्री हातात येईपर्यंत पूर्ण झालेला कपडा आतून कसा असतो हे त्याने शेकडो वेळा पाहिलेलं असतं. चित्रपटाच्या शिक्षणातही असं घडलेलं आहे. १९१९नंतर मॉस्कोच्या नव्या चित्रपटशाळेत लेव्ह कुलेशोव्ह शिकवत होते, तेव्हा कोऱ्या फिल्मचा दुष्काळ होता. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकी दिग्दर्शक ग्रिफिथच्या ‘इनटॉलरन्स’सारख्या चित्रपटांच्या फिती तपासून, तुकडे पुन्हा जोडून पाहून जोडणीचं शास्त्र उभं केलं. टंचाईमुळे त्यांना शेवटाकडून सुरुवात करावी लागली, आणि त्यातून जगाच्या चित्रपटविचाराला वळण मिळालं.

गाण्याचा व्हिडिओ या पद्धतीसाठी विशेष सोयीचा आहे. लघुपटात संवाद असतात, आणि संवाद नीट ध्वनिमुद्रित करणं हे नवशिक्याला सर्वांत छळणारं काम. गाण्यात ध्वनी आधीच तयार असतो. सेटवर तो स्पीकरमधून वाजतो, कलाकार ओठ हलवतात, आणि त्या वेळी कॅमेऱ्यात टिपला गेलेला आवाज फक्त जुळणीपुरता वापरून टाकून द्यायचा असतो. खडवलीसारख्या ठिकाणी, जिथे दर थोड्या वेळाने लोकल नाहीतर मेल धडधडत जाते, तिथे हा मोठाच फायदा आहे. शिवाय गाण्याची लांबी ठरलेली असते. कथा कुठे संपवावी हा नव्या लेखकाचा जुना प्रश्न इथे उद्भवतच नाही. साडेतीन मिनिटांच्या चौकटीत प्रकाश, हालचाल, कपडे, जागा, चेहरा आणि लय हे सगळे विभाग येतात, आणि फसलेलं काम एका आठवड्यात पुन्हा करून पाहता येतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, १९६०पासून प्रभातच्या जुन्या आवारात उभ्या असलेल्या त्या संस्थेत, प्लेबॅकचा म्हणजे गाणं चित्रित करण्याचा स्वतंत्र सराव विद्यार्थ्यांकडून करून घेतला जातो. गाण्याकडे हलकं काम म्हणून पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता संकलक पहिल्या दिवशी काय शिकवेल ते पाहू. आपल्याकडे व्हिडिओचा प्रचलित वेग सेकंदाला २५ चौकटींचा, म्हणजे फ्रेम्सचा. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात ५,२५० फ्रेम्स होतात. गाण्याची लय मिनिटाला १०० मात्रांची असेल तर एक मात्रा ०.६ सेकंदाची, म्हणजे बरोबर १५ फ्रेम्सची. केरव्याच्या आठ मात्रांचं एक आवर्तन १२० फ्रेम्सचं. गाणं ऐकताना आपण जी सम मानेने देतो, ती टाइमलाइनवर एका नेमक्या फ्रेमवर बसलेली दिसते. लय ११० झाली की मात्रा साडेतेरा फ्रेम्सहून थोडी मोठी होते, पूर्ण आकड्यात बसत नाही. मग कट समेच्या आधीच्या फ्रेमवर मारायचा की नंतरच्या, हे कानाने ठरवावं लागतं. इथेच पहिला खरा धडा मिळतो: प्रत्येक समेवर कट मारला की गाणं यंत्रासारखं वाटू लागतं, आणि कट समेपासून फार लांब ठेवला तर सैल वाटतं. ढोलकीच्या थापेला कट द्यावा, की थाप वाजत असताना नाचणाऱ्या बाईचं पाऊल अखंड दिसू द्यावं? ज्या मुलाने हळदीत रात्रभर नाचून ताल अंगात मुरवला आहे, त्याच्याकडे या प्रश्नाचं अर्धं उत्तर असतं. संकलक उरलेलं अर्धं देतो.

पण संकलकाच्या टेबलाचा मोठा उपयोग यापुढे आहे. तिथे चित्रीकरणातल्या सगळ्या चुका उघड्या पडतात, आणि त्या का झाल्या हे विचारावंच लागतं. समजा नदीकाठी गायक पाण्याजवळ उभा आहे आणि स्पीकर मागे, गाडीपाशी, ३४ मीटरवर ठेवला आहे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे गाणं गायकाच्या कानापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि त्याचे ओठ अडीच फ्रेम्स उशिरा हलतात. पाहणाऱ्याला काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं वाटत राहतं. एकटा गायक असेल तर संकलक तो तुकडा दोन-तीन फ्रेम्स आधी सरकवून दुरुस्त करतो. मात्र त्याच शॉटमध्ये एक नर्तिका स्पीकरजवळ आणि गायक लांब असेल, तर एकाला जुळवताना दुसरा बिघडतो, आणि तो शॉट वाया जातो. स्पीकर कलाकाराजवळ ठेवा, ही सूचना ध्वनीवाल्याने शंभर वेळा दिली तरी विसरली जाईल. वाया गेलेला शॉट स्वतःच्या हाताने कापून टाकणारी मुलगी ती कधी विसरणार नाही.

प्रकाशाचंही असंच. खडवलीच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यावर सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास जवळजवळ थेट डोक्यावर येतो. त्या वेळी काढलेल्या क्लोजअपमध्ये डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाची सावली ओठांवर येते. सेटवर सगळ्यांना लख्ख उजेड दिसत असतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. टाइमलाइनवर सकाळी नऊचा शॉट आणि दुपारी साडेबाराचा शॉट शेजारी ठेवले की एकाच कडव्यात सावल्या उडी मारतात. रात्रीच्या हळदीत वेगळीच अडचण येते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून विजेवरचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा सूक्ष्म लुकलुकतात. मोबाइलचा कॅमेरा बहुधा सेकंदाला ३० फ्रेम्सवर ठेवलेला असतो आणि शटर एक-साठांश सेकंदाच्या आसपास. त्यातून चित्रावर सरकते पट्टे उमटतात. शटर एक-पन्नासांश किंवा एक-शतांश सेकंदावर बांधला की पट्टे जातात. स्लो मोशनचा हिशोब तर उलट्या क्रमाशिवाय डोक्यात शिरतच नाही. गायक संथ चालीत चालतोय पण ओठ गाण्याशी जुळताहेत असा शॉट हवा असेल, तर सेकंदाला ५० फ्रेम्स टिपाव्या लागतात, सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवावं लागतं, आणि गायकाला त्या घाईने ओठ हलवावे लागतात. तो तुकडा २५ फ्रेम्सच्या वेगाने खेळवला की ओठ मूळ लयीत येतात आणि केस, पदर, पाणी मात्र संथ होतं. कोल्डप्ले या इंग्लिश बँडच्या ‘द सायंटिस्ट’ या २००२च्या व्हिडिओत काळ उलटा वाहतो, आणि त्यासाठी गायक ख्रिस मार्टिनला सगळं गाणं उलटं म्हणायला शिकावं लागलं होतं. शेवटी पडद्यावर काय दिसणार हे पक्कं ठाऊक असल्याशिवाय असा खटाटोप कोण करील?

यावर पहिला आक्षेप असा येईल की उत्तम गाणी चित्रित करणारे सगळे दिग्दर्शक काही संकलनाच्या टेबलावरून आलेले नाहीत. हे खरं आहे. हृषिकेश मुखर्जी बिमल रॉय यांचे संकलक होते आणि १९५७मध्ये ‘मुसाफिर’पासून दिग्दर्शक झाले, राजकुमार हिराणी पुण्याला संकलनच शिकले, आणि हिंदी गाण्यांच्या चित्रीकरणात ज्यांचं नाव आदराने घेतलं जातं त्या विजय आनंद यांनी ‘गाइड’चं संकलनही सांभाळलं. पण दुसऱ्या बाजूला गुरुदत्त आहेत. ते अल्मोड्याला उदय शंकर यांच्या केंद्रात नृत्य शिकले आणि पुण्याला प्रभातमध्ये नृत्यदिग्दर्शक म्हणून दाखल झाले. गाणं कथेत विरघळवण्याची त्यांची हातोटी नृत्यातून आली, असं म्हणायला जागा आहे. मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे माझं म्हणणं अधिक नेमकं होतं. नृत्यदिग्दर्शकही काळच मोजत असतो. आठ मात्रांत शरीर कुठून कुठे गेलं पाहिजे, ओळ कुठे संपते, मान कधी वळते, हे त्याला आधी ठरवावं लागतं. म्हणून संकलक मिळाला नाही तर पहिला पाहुणा नृत्याचा जाणकार असला तरी चालेल. पहिला धडा काळाच्या मोजमापाचा हवा आणि तो शिकणाऱ्याच्या स्वतःच्या साहित्यावर हवा, एवढी अट सुटता कामा नये. अमेरिकेतल्या ओके गो या बँडचा ट्रेडमिलवरच्या नाचाचा २००६चा व्हिडिओ एकाच अखंड टेकमध्ये आहे, त्यात एकही कट नाही. पण त्यातल्या प्रत्येक उडीची जागा आधी मोजलेली होती, आणि सतराव्या प्रयत्नात तो जमला. तिथे कट नाचाच्या आखणीत लपलेले आहेत.

दुसरा आक्षेप अधिक रोकडा आहे. सगळं यूट्यूबवर फुकट मिळतं, मोबाइलमधली अ‍ॅप्स गाण्याचा ठेका ओळखून आपोआप कट मारतात, मग पाहुणा हवाच कशाला? यूट्यूबवरून बटणं शिकता येतात, आणि ती तिथूनच शिकावीत. त्यासाठी कुणाचा दिवस खर्ची घालू नये. पण त्या व्हिडिओंमध्ये दिसतो तो दुसऱ्याने घेतलेला निर्णय. त्याने नाकारलेले अकरा टेक दिसत नाहीत, आणि तुमचे टेक तर त्याने पाहिलेलेच नसतात. आपोआप कट मारणाऱ्या अ‍ॅपला ठेका कळतो, शब्द कळत नाहीत. नवरीच्या आईवरची ओळ चालू असताना ढोलकीवाल्याचा हात दाखवायचा की आईचा चेहरा, हे त्याला ठरवता येत नाही. अनुभवी संकलक समोर बसून विचारतो: हा टेक का घेतला, तो का टाकला? उत्तर देता आलं नाही की शिकणं सुरू होतं. म्हणून पाहुण्याला बोलवण्याआधी मुलांनी काहीतरी चित्रित करून ठेवलेलं असलं पाहिजे, कितीही कच्चं असलं तरी. पाहुण्याने आपली गाजलेली गाणी दाखवू नयेत, मुलांचे रशेस, म्हणजे न जोडलेलं कच्चं चित्रीकरण, पाहावेत. या बैठकीत संकोच वाटेल, वाईटही वाटेल. पण कौतुकाचं भाषण ऐकून परतलेल्यांपेक्षा ही मुलं दुसऱ्या दिवशी वेगळा कॅमेरा लावतील.

कुणी म्हणेल, एका दिवसाच्या भेटीने काय होणार? याचं उत्तर मराठी माणसाच्या चित्रपटाच्या पहिल्या पानावरच आहे. दादासाहेब फाळके १९१२च्या सुरुवातीला लंडनला गेले, ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, आणि त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहून आले. सगळा प्रवास काही आठवड्यांचा, स्टुडिओतले दिवस तर मोजकेच. एवढ्यात ते शिकले, कारण जाण्याआधी छायाचित्रण, छपाई आणि चित्रकला यांत त्यांची वर्षं गेली होती. कुठे अडलंय हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, आणि त्यांनी तेवढंच विचारलं. परतल्यावर थेट मोठ्या चित्रपटाला हात न घालता त्यांनी रोपाच्या वाढीची छोटी फीत टिपून यंत्र आणि हात दोन्ही तपासले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ला लोकांसमोर आला तो त्यानंतर. आधी स्वतःचं काम, मग थोडक्यात नेमकी भेट, मग लगेच छोटा प्रयोग, असा हा क्रम. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२मध्ये महाविद्यालयांना ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून किमान पंधरा वर्षं धंद्यात काढलेली माणसं नेमण्याची मुभा दिली, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांनी तिचा लाभ जरूर घ्यावा. पण ती सोय नसलेल्या गावातल्या मंडळालाही फाळक्यांचा क्रम पाळता येतो. एकच पाहुणा महिन्याच्या अंतराने दोनदा आला, तर पाच वेगवेगळ्या पाहुण्यांच्या पाच भाषणांपेक्षा जास्त हाती लागेल.

शहरातून आलेली माणसं गावाची चव बिघडवतील, ही भीतीही खोटी नाही. अंधेरीत शिकलेला हात आगरी गाण्याला पंजाबी व्हिडिओची झूल चढवू शकतो: महागड्या गाड्या, धूर, परदेशी वाटणारी घरं. आगरी-कोळी गाण्यांची दुनिया कुठल्याही शाळेशिवाय उभी राहिली, हे मान्य करूनच पाहुण्याने यावं. कच्चं साहित्य आधी, पाहुणा नंतर, या क्रमाचा इथेही उपयोग होतो. मुलांनी जे टिपलंय त्यात त्यांचं अंगण, त्यांची भाषा, धवलारणीचं बसणं, मांडवातली घाई आधीच असते. संकलक त्यातून निवडायला शिकवतो, त्यात नवं काही आणून टाकत नाही. दिग्दर्शक पहिला आला तर तो कल्पना देतो, आणि कल्पना त्याच्या जगातली असते. अर्थात संकलकालाही आवडनिवड असते. पण त्याला समोरच्या साहित्याच्या मर्यादेत काम करावं लागतं, हा गावाच्या बाजूचा मोठा आधार आहे.

मधल्या पाहुण्यांमध्ये एकजण व्यवस्थापनाचा हवाच. भातसेच्या काठी शूट ठरवताना फक्त दृश्य बघून चालत नाही. वर शहापूर तालुक्यात धरण आहे, पावसाळ्यात दरवाजे उघडले की काठच्या गावांना इशारा दिला जातो, आणि या नदीत माणसं बुडाल्याच्या बातम्या खडवलीला नव्या नाहीत. पाण्यात उभं राहून गाणारा कलाकार ही निर्मितीची जबाबदारी असते, हे कुणीतरी ठामपणे सांगावं लागतं. रेल्वेच्या हद्दीत कॅमेरा लावायला रेल्वेची परवानगी लागते. ड्रोन उडवायचा तर २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे नोंदणी आणि हवाई नकाशातली जागा पाहावी लागते. साध्या साठवणुकीचाही हिशोब आहे: सेकंदाला १०० मेगाबिटच्या दर्जाने टिपलं तर तासाला ४५ गीगाबाइट जागा लागते, आणि एकच प्रत ठेवणं म्हणजे सगळा दिवस एका कार्डाच्या भरवशावर टाकणं. त्याच बैठकीत हक्कांचं बोलून घ्यावं. कॉपीराइट कायद्यानुसार शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, आणि ध्वनिमुद्रणाचा मालक निर्माता. २०१२च्या दुरुस्तीने, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत झटले, कवी आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा वाटा असा बांधला की तो त्यांना निर्मात्याच्या नावे सोडून देताच येत नाही. हक्क सोपवायचे तर लेखी आणि सहीसह. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परंपरेने आलेल्या धवल्यावर कुणाची मालकी नाही, पण एखाद्या कंपनीने केलेल्या त्याच्या ध्वनिमुद्रणावर असते. त्यातला तुकडा उचलला तर यूट्यूबची यंत्रणा तो ओळखते आणि कमाई दुसऱ्याच्या खात्यावर जाते. खडवलीच्या एखाद्या मुलीने लिहिलेलं गाणं पुढच्या हंगामात सगळ्या मांडवांत वाजलं आणि तिच्या हातात कागद नसला, तर तिला शिकवलेली बाकी सगळी कला तिच्या उपयोगी पडणार नाही. म्हणून हा तास सुट्टीच्या आधी कसाबसा उरकण्याचा नाही.

दिग्दर्शक शेवटी येईल तेव्हा त्याच्यापुढे बसलेली मुलं वेगळी असतील. त्यांनी स्वतःचं गाणं दोनदा कापलेलं असेल, स्पीकर कुठे ठेवायचा हे त्यांना कळलेलं असेल, मेच्या दुपारचा उजेड कसा फसवतो ते त्यांनी पाहिलेलं असेल. कल्पना कशी सुचली, हा प्रश्न मग मागे पडेल. दुसऱ्या कडव्यात गायकाचा चेहरा एवढा वेळ का दाखवला नाही, नाच लांबून का घेतला, अमुक ओळीवर कॅमेरा स्थिर का ठेवला, असे प्रश्न येतील, आणि त्यांना उत्तर देताना दिग्दर्शकालाही विचार करावा लागेल. हे सगळं बसवायचं तर दिवाळीनंतर सुरुवात करावी: पहिलं कच्चं चित्रीकरण तुळशीच्या लग्नाच्या आसपास, संकलकाची पहिली भेट लगेच त्यानंतर, दुसरी भेट महिन्याने, मध्ये ध्वनी, कॅमेरा, परवानग्या आणि करार, आणि माघ-फाल्गुनात दिग्दर्शकासमोर पुन्हा चित्रित केलेलं गाणं. चैत्र-वैशाखाच्या हळदींना ते गाणं तयार असेल, आणि ते मांडवात चाललं की नाही हे पाहण्यासाठी कुणा पाहुण्याची गरज पडणार नाही.